दालचिनीची वळकटी

पहाटे पाच वाजता उठणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची माणसं उठतात आणि आपण उठलो होतो हे दिवसभर सांगत राहतात. टेकडीवर फिरायला जाणारे, प्राणायाम करणारे, बारा महिने गार पाण्याने आंघोळ करणारे, हे सगळे या वर्गात मोडतात. दुसऱ्या प्रकारची माणसं नुसतीच उठतात. ती उठली होती हे घरातल्या इतरांना एवढ्यावरूनच कळतं, की सात वाजता टेबलावर काहीतरी गरम असतं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मी या दोन्ही प्रकारांत बसत नव्हतो. मी तिसऱ्या प्रकारातला. सात वाजता टेबलावर जे गरम असतं ते खाणारा आणि खाता खाता पेपर वाचणारा.

या सुखी आयुष्यात बिब्बा घातला तो दालचिनीने.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही उभयता स्वीडनमधल्या गोथेनबर्गला लेकीकडे गेलो. तिचं दुसरं बाळंतपण होतं. बाळंतपणाला आई लागते हे जगजाहीर आहे. बाप कशाला लागतो हे अजून कुणी शोधून काढलेलं नाही. हिच्या बॅगेत डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा असा ऐवज होता. माझ्या बॅगेत हिच्या बॅगेत न मावलेला डिंक होता. यापलीकडे या समारंभात मला काही भूमिका नव्हती.

त्यातून स्वीडन हा बापांचा देश. आईच्या बाळंतपणाच्या रजेऐवजी आईबाप दोघांना मिळून पालक-रजा देण्याचा कायदा या देशाने १९७४ साली, सगळ्या जगाच्या आधी केला. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवसांची रजा मिळते, आणि त्यातले नव्वद दिवस बापाने घेतले नाहीत तर ते आईला देता येत नाहीत, फुकट जातात. १९७४ साली मी कॉलेजात होतो आणि पाण्याचा पेला आईने हातात दिल्याशिवाय तहान लागल्याचं माझ्या लक्षात येत नसे. आमचे जावई मात्र रजा घेऊन घरी होते. लंगोट बदलणं, बाळाला ढेकर येईपर्यंत खांद्यावर थोपटणं, धाकट्याच्या आगमनाने रुसलेल्या थोरल्याला समजावणं, ही सगळी कामं ते अशा सराईतपणे करत, की मला माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या अवघडल्यासारखं होई. साडेचार वर्षांच्या नातवाने तर एकदा विचारलंच, "आजोबा, तुमचं काम काय आहे?" कचेरीत छत्तीस वर्षं काढली, पण इतका थेट प्रश्न मला कुठल्याही वरिष्ठाने विचारला नव्हता.

मी कामाच्या शोधात असतानाच ४ ऑक्टोबर उजाडला. दुपारी दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई दारात उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, हातात फडक्याने झाकलेली परडी. त्यांनी फडकं उचललं आणि अभिमानाने एकच शब्द उच्चारला, "हेमबाकात!" म्हणजे घरी भाजलेलं. परडीत होते कानेलबुल्लार, दालचिनीचे रोल. १९९९ सालापासून ४ ऑक्टोबर हा स्वीडनमध्ये दालचिनीच्या रोलचा दिवस म्हणून पाळला जातो. घरी भाजण्याचा प्रसार करणाऱ्या तिथल्या एका मंडळाने तो सुरू केला. आपल्याकडे बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, तेव्हा रोलला एक दिवस असण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

हा पदार्थ मराठी वाचकाला समजावून सांगणं सोपं आहे. बाकरवडी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातलं तिखट काढून टाकावं, कुरकुरीतपणा काढून टाकावा आणि तिला पावाच्या घरी दत्तक द्यावं. पिठात दूध, लोणी, साखर आणि यीस्ट घालून मळतात, लाटतात, त्यावर लोणी, साखर आणि दालचिनीची पूड पसरतात. मग पूर्वी रेल्वेच्या प्रवासाला निघताना आपण जशी वळकटी बांधत होतो तशी त्याची वळकटी करतात, तिचे काप करतात आणि भाजतात. वर पांढऱ्या साखरेचे टपोरे दाणे पेरतात. ते दिसतात थेट संक्रांतीच्या हलव्यासारखे. यात दालचिनीचं नाव मोठं असलं, तरी पहिल्या घासाला ओळख पटते ती वेलदोड्याची. हे लोक पिठातच भरड कुटलेला वेलदोडा घालतात. पुण्यापासून सात हजार किलोमीटरवर आल्यावर शेजारणीच्या परडीतून श्रीखंडाचा वास यावा, म्हणजे काय!

हे रोल खायची वेळ ठरलेली असते. तिला फीका म्हणतात. सकाळी दहाच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळा देश हातातलं काम टाकून कॉफी पितो. फीका हा कॉफीच्या जुन्या नावाचीच अक्षरं उलटी करून झालेला शब्द. आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो त्यातलाच प्रकार. मी मात्र नावावर जाऊन पहिल्याच दिवशी फसलो. फीका म्हणून समोर आलेली कॉफी इतकी काळी आणि कडू होती, की तिला फिकी म्हणणाऱ्याची दृष्टी तपासावी. गोथेनबर्गच्या एका जुन्या लाकडी घरांच्या वस्तीत तर ताटाएवढे दालचिनीचे रोल मिळतात. त्या वस्तीचं नाव मी इथे लिहीत नाही. स्वीडिश भाषेत ते अगदी निरुपद्रवी आहे, पण मराठीत ते आज्ञार्थी क्रियापद आहे आणि खाण्याच्या लेखात शोभणारं नाही.

परडी रिकामी झाली आणि मला माझं काम सापडलं. "येत्या रविवारी सकाळची न्याहारी मी करणार," मी जाहीर केलं. "दालचिनीचे रोल. घरी केलेले."

घरात शांतता पसरली. मग लेक म्हणाली, "बाबा, खाली दुकानात मिळतात ना." जावई म्हणाले, "पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात." ही काही म्हणाली नाही. ती अळिवाची खीर ढवळत होती. फक्त ढवळण्याचा वेग किंचित वाढला.

वरच्या आजीबाईंनी मला शिष्य म्हणून स्वीकारलं, पण न्याहारीला रोल हे ऐकून त्यांना धक्का बसला. न्याहारीला पाव, चीज, फार तर दही. रोल हा फीकाचा. न्याहारीला रोल खातात ती अमेरिकेतली माणसं, असं त्यांनी सौम्य नापसंतीने सांगितलं. आम्ही न्याहारीला शिरा खातो, म्हणजे तूप आणि साखरेत बुडवलेला रवा, असं मी सांगितल्यावर त्यांनी पुढे वाद घातला नाही. स्वीडनमध्ये हे रोल पहिल्या महायुद्धानंतर, लोणी-साखरेची टंचाई सरल्यावर आले आणि १९५० च्या दशकात घरोघरी होऊ लागले. आजीबाईंच्या लहानपणी पाहुणा आला, की घरी केलेली सात प्रकारची बिस्किटं मांडावी लागत. सहा मांडली तर घरधनीण कंजूष आणि आठ मांडली तर मिजासखोर! १९४५ साली या सात प्रकारांच्या नावाचं एक पाकपुस्तक निघालं आणि ते अजून खपतं. "माझी आई शनिवारी दिवसभर भाजायची," आजीबाई म्हणाल्या. "तिला ते आवडायचं का, हे तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही." त्या वेळी हे वाक्य मी नीट ऐकलं नाही. मी साहित्य लिहून घेत होतो.

अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम लोणी, पन्नास ग्रॅम ओल्या यीस्टची एक वडी, सुमारे आठशे ग्रॅम मैदा, साखर, मीठ, वेलदोडा. आत भरायला पुन्हा लोणी, साखर आणि दोन मोठे चमचे दालचिनी. यात सुमारे चाळीस रोल होतात. "दूध बोटाला कोमट हवं," आजीबाईंनी बजावलं. म्हणजे ३७ अंश, माणसाच्या अंगाइतकं. बोट बुडवलं तर गरमही लागू नये आणि गारही लागू नये.

रविवारी मी पाचचा गजर लावून उठलो. दूध तापवण्याविषयी मराठी माणसाची एक पक्की समजूत असते. पातेलं शेगडीवर ठेवायचं, समोर उभं राहायचं, कंटाळून जरा पलीकडे जायचं आणि दूध उतू गेलं की शेगडी बंद करायची. उतू न गेलेलं दूध हे आपल्या मते तापलेलंच नसतं. त्या उकळत्या दुधात मी यीस्टची वडी कुस्करली. यीस्ट हा जिवंत प्राणी आहे. पन्नास अंशांच्या पुढे त्याचा जीव घाबरा होतो आणि साठाच्या आसपास तो संपतो, हे मी नंतर वाचलं. माझं वय अडुसष्ट असल्यामुळे ते वाचून मला फारसं बरं वाटलं नाही.

पीठ फुगेना. तासभर मी फडकं उचलून उचलून पाहिलं. शेवटी ते मनातल्या मनात फुगलं असेल असं धरून मी लाटलं, वळकटी केली, कापली आणि भाजली. सात वाजता टेबलावर चाळीस रोल मांडून मी कडेला उभा राहिलो.

इथे मुद्द्याची गोष्ट आहे. मी बसलो नाही. उभा राहिलो. प्रत्येकाने पहिला घास घेताना मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. लेकीने चावलं, थांबली, पुन्हा चावलं आणि म्हणाली, "छान झालेत, बाबा." जावयांनी कॉफीचा मोठा घोट घेऊन तेच सांगितलं. नातवाने रोल टेबलावर आपटून पाहिला, टक् असा आवाज आला आणि तो म्हणाला, "आजोबा, हा दगड आहे." त्याला ताबडतोब गप्प करण्यात आलं. खरं बोलावं असं त्याला आदल्याच दिवशी शिकवलं होतं. घरी केलेल्या पदार्थाला हा नियम लागू नाही, हा पुढचा धडा.

मला मात्र ते रोल मनापासून आवडले. दोन खाल्ले. दाढ दुखली तरी आवडले. अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी २०१२ साली या आजारावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याला आयकिया या स्वीडिश फर्निचरवाल्यांचं नाव दिलं. स्वतः खटपट करून जोडलेली वस्तू माणसाला आहे त्याहून मोलाची वाटते. लोकांना कागदाचे पक्षी करायला दिले, तर स्वतःच्या वेड्यावाकड्या पक्ष्याची किंमत ते जवळजवळ उस्तादाच्या पक्ष्याइतकी लावायचे. इतरांना तो पक्षी चुरगळलेला कागद दिसायचा.

ही सगळा वेळ गप्प होती. तिने एक रोल संपवला, चहात बुडवून का होईना, पण पूर्ण संपवला. दुपारी तिने उरलेले दगड गोळा केले, कुटले, तुपावर परतले, त्यात गूळ घातला आणि लाडू वळले. संध्याकाळी सगळ्यांनी ते खाल्ले. मीही तीन खाल्ले. कुणीही "छान झालेत" म्हणालं नाही. तिनेही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती बाळाला पाजायला लेकीकडे नेत होती.

रात्री झोप येईना. दाढ ठणकत होती आणि डोक्यात गणित चाललं होतं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर १४,९६५ सकाळी होतात. माहेरपण, बाळंतपण, आजारपण वजा करा. चौदा हजार न्याहाऱ्या तरी होतातच. पोहे, उपमा, सांजा, थालीपीठ, धिरडी, आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा. या चौदा हजार प्रसंगी मी काय अभिप्राय दिला ते आठवू लागलो. मला दोनच आठवले. एक, "मीठ कमी आहे." दोन, "आज पुन्हा उपमा?" आणि एका दिवसाच्या दगडांसाठी मी टाळ्यांची वाट पाहत टेबलाशी उभा होतो.

"जागी आहेस का गं?" मी विचारलं.

"आता झाले."

"मी म्हणत होतो, इतकी वर्षं तू रोज इतकं प्रेमाने सगळं केलंस आणि मी कधी…"

"प्रेमाने?" ती अंधारात उठून बसली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"पहाटे पाचला कुणाला प्रेम येतं हो? पाचला झोप येते. करायचं असतं म्हणून करत होते."

"मग ते रोज इतकं चांगलं कसं व्हायचं?"

"करायचंच आहे तर नीट नको का करायला?" असं म्हणून ती आडवी झाली आणि दोन मिनिटांत झोपली. तिला पाचला उठायचं होतं.

मी मात्र टक्क जागा झालो. आईच्या हातची चव, बायकोच्या हातची चव आणि त्या चवीतलं प्रेम, यावर आपण किती लिहिलंय, किती गहिवरलोय! खाणाऱ्याला हे फार सोयीचं असतं. समोरचा माणूस प्रेमाने करतोय असं एकदा ठरवलं, की त्याला विश्रांतीची गरज आहे का, हा प्रश्न उरत नाही. प्रेम कधी दमतं का? मेहनतीला पगार द्यावा लागतो, रजा द्यावी लागते. प्रेमाचं नुसतं कौतुक केलं तरी चालतं, आणि आम्ही तर तेही केलं नव्हतं.

"करायचं असतं म्हणून करायचं" हे वाक्य मला ओळखीचं वाटत होतं. पहाटेकडे आठवलं. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकलेलं इमॅन्युएल कांटचं म्हणणं हेच. १७८५ साली त्याने नीतिशास्त्रावर एक लहानसं पण घोटभर पाण्याशिवाय गळ्याखाली न उतरणारं पुस्तक लिहिलं. मनात दया दाटून आली म्हणून मदत करणारा माणूस गोड खरा, पण त्याच्या कृतीला खास नैतिक मोल नाही, असं कांट म्हणतो. ज्याच्या मनातला सगळा जिव्हाळा आटलाय, तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून उठतो आणि मदत करतो, त्याच्या कृतीला खरं मोल. म्हणजे माझे हौसेचे रोल कांटच्या तराजूत शून्य भरतात आणि हिचा न आवडणारा उपमा पारडं जमिनीला टेकवतो. एक्केचाळीस वर्षं मी एका कठोर जर्मन तत्त्ववेत्त्याशी संसार करत होतो आणि मला तिच्या हातच्या मिठापलीकडे काही दिसलं नव्हतं.

सकाळी मी कांटविषयी आणखी वाचलं, तर माझा आदर जरा डळमळला. हा गृहस्थ बाल्टिक समुद्राच्या पलीकडच्या काठावर, ज्याला आज कालिनिनग्राद म्हणतात त्या गावी, रोज पहाटे पाचला उठायचा. आणि ते अभिमानाने सांगायचाही. म्हणजे आमच्या वर्गवारीत पहिला प्रकार. पण त्याला उठवायचं कोण? त्याचा नोकर, मार्टिन लांपे. मग लांपेला कोण उठवायचं? यावर तत्त्वज्ञानाचा इतिहास गप्प आहे. कर्तव्यावर शेवटचा शब्द लिहिणाऱ्या या माणसाने न्याहारी म्हणून कधी काही खाल्लंच नाही. फिका चहा आणि एक पाइप, की एकदम दुपारचं जेवण. त्याच्या नीतिशास्त्रात न्याहारीचा प्रश्न का आला नाही, हे माझ्या आता लक्षात आलं. सुमारे चाळीस वर्षं लांपेने त्याला उठवलं. १८०२ साली लांपेच्या पिण्यामुळे आणि वागण्यामुळे कांटला त्याला काढावं लागलं. मग म्हाताऱ्याला त्याची इतकी सवय झालेली, की लांपे हे नाव आता विसरायचं, असं त्याने वहीत लिहून ठेवलं! विसरण्यासाठी टिपण करणारा हा जगातला एकमेव विद्वान असावा.

पण कांटचीच एक कसोटी फार कामाची आहे. आपण ज्या नियमाने वागतो तोच नियम साऱ्या जगाने पाळला तर चालेल का, हे पाहावं. मी माझ्या नियमाला ही कसोटी लावली. 'सात वाजता टेबलावर येऊन बसावं आणि जे गरम असेल ते खावं.' हा नियम सगळ्या जगाने पाळला तर सगळं जग टेबलाभोवती बसलेलं असेल, आणि टेबलावर काहीही नसेल. कर्तव्याला मोल आहे, मान्य. पण ते मोल कमावण्याची संधी एक्केचाळीस वर्षं घरातल्या एकाच माणसाला का? इतकं मौल्यवान होतं तर मी ते कधी हिसकावून का घेतलं नाही?

मी पुन्हा आजीबाईंकडे गेलो. या वेळी दुधात बोट बुडवायला शिकलो. रोल रात्रीच वळून फ्रिजमध्ये ठेवायचे, ही युक्तीही शिकलो. थंडीत यीस्ट झोपत नाही, पण डुलक्या घेत काम करतं. अगदी कचेरीसारखं. पहाटे पाचला ते बाहेर काढायचे, तासभर अंग मोकळं करू द्यायचं आणि २२५ अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजायचे.

त्या तासाभरात करायला काही नसतं. ऑक्टोबरात तिथे सात वाजले तरी धड उजाडत नाही. मी खिडकीशी उभा राही. पहिली ट्राम दिवे लावून रिकामीच जाई. समोरच्या इमारतीत तीन खिडक्यांत उजेड असे. त्या खिडक्यांत कोण आहे हे मला दिसत नसे, पण ती दुसऱ्या प्रकारची माणसं आहेत हे कळे. पुण्यात आमच्या घराच्या खिडकीतही पाचला असाच उजेड असेल. तो बाहेरून मी कधी पाहिला नव्हता. आतूनही नाही.

दालचिनी कुटताना एक गमतीची गोष्ट लक्षात आली. दालचिनीची कांडी ही मुळात वळकटीच आहे. झाडाची आतली साल सोलली की वाळता वाळता आपण होऊन आत वळते. ही साल सोलायचं काम श्रीलंकेत सलागम नावाच्या जातीकडे होतं. आधी पोर्तुगीजांनी आणि मग डचांनी त्यांच्याकडून ते सक्तीने करून घेतलं. दालचिनीचा सुगंध जगभर गेला, सोलणाऱ्याचं नाव बेटावरच राहिलं. त्याच्याही किती आधी हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी बांधतात, आणि अरब लोक त्यांना मांसाचे मोठमोठे तुकडे घालतात. पक्षी ते घरट्यात नेतात, भाराने घरटं कोसळतं आणि खालचे लोक काड्या वेचतात. गोष्ट खोटी आहे. पण कुणाचं तरी घरटं कोसळल्याशिवाय आपल्या पोटात सुगंध येत नाही, हा तिच्यातला भाग सगळाच खोटा नाही.

दुसऱ्या खेपेचे रोल फुगले. मऊ झाले. "छान झालेत!" लेक म्हणाली आणि या वेळी तिचे डोळे खोटं बोलत नव्हते. पण मी थांबलो नाही. बुधवारी आणि रविवारी रोल, बाकीच्या दिवशी मला जमतील तसे पोहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात निम्म्यांनी केलं. तिसऱ्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. आले, बसले, खाल्लं, उठले. नातू तर रोल उलगडून आतली दालचिनी चाटून बाकीचा ताटलीत टाकून गेला. मला राग आला. मग मी मोजलं. माझी एकविसावी न्याहारी होती. हिची एकविसावी न्याहारी १९८३ सालीच उरकली होती.

ही मात्र पाचला उठायची थांबली होती. पहिले दोन-तीन दिवस ती सवयीने उठली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, मी काय सांडतोय ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत जाऊन निजली. चौथ्या दिवसापासून ती साडेसातला उठू लागली. गुडघे धरून चालणं कमी झालं, असं लेक म्हणाली.

निघायच्या आदल्या बुधवारची गोष्ट. मी रोल मांडले आणि पेपर नसल्यामुळे खिडकीबाहेर पाहत बसलो. आता मी उभा राहत नसे. ही शेवटी आली, एक रोल घेतला, खाल्ला, कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "आज दालचिनी जरा कमी पडलीय."

मी खुर्चीत ताठ बसलो. एका क्षणात सगळा उलगडा झाला. "अगं, हेच ते!" मी म्हणालो. "'छान झालंय' हे पाहुण्याला सांगतात. हौशी माणसाला सांगतात. 'मीठ कमी आहे' हे सांगतात ते घरच्या माणसाला, रोजच्या माणसाला. म्हणजे मी आता पाहुणा राहिलो नाही. मी कायम झालो! आणि मी तुला जे चौदा हजार सकाळी म्हणत होतो…"

"दोनदाच म्हणालात. तुम्हीच सांगितलंत परवा."

"तेच. ती तक्रार नव्हती. ती तू घरात कायम असल्याची पावती होती."

तिने कप खाली ठेवला. ताटलीतले साखरेचे दाणे बोटाने टिपून तोंडात टाकले.

"तुमच्या त्या कांटने नोकराला काढलं म्हणालात ना? त्या लांपेला?"

"हो. १८०२ साली."

"नुसताच काढला?"

"नाही, नाही. दरवर्षी ठरावीक पेन्शन बांधून दिलं."

"बरं," ती म्हणाली. "मी कायम होते म्हणताय. मग माझं पेन्शन?"

आम्ही पुण्याला परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. इथे ओल्या यीस्टची वडी सहज मिळत नाही, त्यामुळे रोल क्वचितच होतात. पोहे होतात. काल मीठ कमी होतं, असं कळलं. खरंच कमी होतं. रात्री मी गजर पाचचा लावून झोपलो.